घरात स्किझोफ्रेनिया असेल तर पुढच्या पिढीची जोखीम कशी समजून घ्यावी

घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की पहिले काही महिने औषधे, रजा, नोकरी आणि पैसे यांच्या धावपळीतच जातात. घडी जरा बसली की मात्र दबक्या आवाजात दोन प्रश्न हमखास पुढे येतात: हे आमच्याकडे आले कुठून, आणि आता धाकट्याला किंवा उद्याच्या नातवंडांना होणार का? या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देणारे लोक भोवताली पुष्कळ असतात. कोणी ‘तुमच्या घराण्यातच आहे’ म्हणून मोकळे होते, कोणी आईच्या लाडांवर खापर फोडते, तर कोणी परीक्षेच्या ताणावर किंवा मोडलेल्या लग्नावर बोट ठेवते. खरे उत्तर एका वाक्यात मावत नाही, परंतु ते अनाकलनीयही नाही. जोखीम नात्यानुसार आणि वयानुसार बदलते, तिचा अंदाज बांधता येतो, आणि तिच्यातला थोडा पण महत्त्वाचा भाग आपल्या हातात असतो. तो अंदाज कसा बांधायचा आणि हातातल्या भागाचे काय करायचे, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी निदान कागदावर पाहा

अंदाज बांधण्यापूर्वी घरातल्या व्यक्तीला नेमके काय झाले आहे हे माहीत असावे लागते, आणि आश्चर्य म्हणजे पुष्कळ कुटुंबांना वर्षानुवर्षे गोळ्यांची नावे पाठ असतात, पण निदान माहीत नसते. केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर बहुधा रोगाच्या नावाऐवजी एक संकेतांक असतो. ‘एफ २०’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘एफ २३’ म्हणजे अचानक सुरू होऊन थोड्या काळात ओसरणारा सायकोसिस (भास आणि खोट्या समजुतींमुळे वास्तवाशी नाते तुटणे), ‘एफ ३१’ म्हणजे बायपोलर आजार (कधी अति उत्साह, तर कधी खोल उदासी) आणि ‘एफ १२’ म्हणजे गांजा-चरसाशी निगडित मानसिक आजार. या चारही आजारांत भास होऊ शकतात, संशय येऊ शकतो आणि दिली जाणारी औषधेही बरीचशी तीच असतात. त्यामुळे गोळ्यांवरून निदान ओळखायला जाऊ नये. कार्डावर काही स्पष्ट नसेल तर पुढच्या खेपेला मनोविकारतज्ज्ञांना सरळ विचारावे आणि लिहून मागावे.

थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपस्मार, स्टेरॉइडची औषधे, दारू अचानक सोडल्यावर होणारा भ्रम आणि बाळंतपणानंतरचा सायकोसिस यांतही माणूस असंबद्ध बोलतो, नसलेले आवाज ऐकतो. अशा व्यक्तीच्या आजारावरून भाचरांची जोखीम मोजणे म्हणजे मुळातच चुकीच्या आकड्यापासून हिशेब सुरू करणे होय. स्किझोफ्रेनियाचे निदान एका दिवसाच्या वागण्यावरून होत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांनुसार तर बिघाडाची लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात.

कुळाचा तक्ता काढा

एक मोठा कागद घ्यावा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, हयात नसलेल्या व्यक्तीवर तिरकी रेघ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, आणि रक्तातल्या नात्यात झालेल्या लग्नासाठी नवरा-बायकोंमध्ये दुहेरी रेघ, एवढ्या खुणा पुरतात. तीन पिढ्या घ्याव्यात, आणि माहेर व सासर या दोन्ही बाजू सारख्याच बारकाईने भराव्यात. आपल्याकडे हा तक्ता बहुतेक वेळा सुनेच्या माहेरच्या बाजूनेच भरला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

माहिती मिळवण्याचे काम मात्र खुणांइतके सोपे नाही. ‘आपल्यात कोणाला वेड लागले होते का?’ असे विचारल्यास उत्तर ‘छे, कोणालाच नाही’ असेच येते. त्याऐवजी घरातल्या थोरल्या आत्याला किंवा मावशीला निवांत वेळी असे विचारावे: शिकलेसवरलेले असून कोणी कामधंदा सोडून घरात बसले होते का? कोणी न सांगता घर सोडून गेले होते का? कोणी स्वतःशीच बोलत असे, जेवणात विष घातल्याचा संशय घेत असे, किंवा ‘बाहेरचे झाले’ म्हणून कोणाला देवर्षीकडे, दर्ग्यात, नृसिंहवाडीला किंवा गाणगापूरला नेऊन ठेवले होते का? विहिरीत पडून किंवा फास घेऊन कोणी गेले का, आणि त्याआधी वागणे कसे होते? कोणाला ठाण्याला, येरवड्याला, नागपूरला किंवा रत्नागिरीला दाखल केले होते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तरी ते पुरावा म्हणून जपूनच वापरावे, कारण जुन्या काळी अपस्माराचे, मतिमंदत्वाचे आणि नुसतेच घरच्यांना नकोसे झालेले लोकही मनोरुग्णालयात पोचत असत.

प्रत्येक आजारी व्यक्तीच्या चिन्हाशेजारी बदल सुरू झाले तेव्हाचे वय लिहावे, कारण पुढच्या हिशेबात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. वयाच्या सत्तरीत पहिल्यांदाच ‘सुना मला उपाशी ठेवतात’ म्हणू लागलेल्या आजीला बहुधा स्मृतिभ्रंश असतो, तर विसाव्या वर्षी कॉलेज सोडून खोलीत कोंडून घेतलेल्या काकांची गोष्ट वेगळी असते. बायपोलर आजाराचीही नोंद करावी. स्वीडनमधील वीस लाख कुटुंबांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसून आले की या दोन आजारांची आनुवंशिक मुळे बऱ्याच अंशी एकच आहेत.

आकडे कसे वाचावेत

सर्वसाधारण माणसाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात एक किंवा त्याहून थोडी कमी धरली जाते. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि इतर सायकोसिस मिळून आयुष्यभराचे प्रमाण १.४ टक्के आढळले. इतर सगळे आकडे या पायावर ठेवून वाचायचे असतात.

आजारी व्यक्ती सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर शक्यता साधारण नऊ टक्क्यांपर्यंत जाते. आई किंवा वडील यांपैकी एक जण आजारी असल्यास जुन्या अभ्यासांत ती तेरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जात असे. परंतु डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतील सुमारे २७ लाख लोकांच्या माहितीवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती ७ टक्के आणि दोघेही आजारी असल्यास २७ टक्के निघाली. काका, मामा, आत्या, मावशी किंवा आजी-आजोबा आजारी असतील तर तीन ते पाच टक्के, आणि चुलत, मामे, आते, मावस भावंड आजारी असेल तर दोन टक्के. एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता जुन्या अभ्यासांत ४८ टक्के आणि डेन्मार्कच्या २०१८ च्या जुळ्यांच्या अभ्यासात ३३ टक्के आली आहे.

या आकड्यांची उलटी बाजू वाचण्याची सवय लावून घ्यावी. आई आजारी असलेल्या शंभर मुलांपैकी ९३ मुलांना स्किझोफ्रेनिया होत नाही. ‘सातपट धोका’ आणि ‘शंभरात त्र्याण्णव जण सुटतात’ ही एकाच मापाची दोन रूपे आहेत, आणि बातम्यांत नेहमी पहिलेच रूप छापले जाते. पट सांगणारा आकडा कुठेही दिसला की ‘कशाच्या पट?’ असे विचारावे. दोन टक्क्यांचे चार झाले तरी ते दुप्पटच असते.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. थोरल्या भावाला बाविसाव्या वर्षी आजार सुरू झाला, निदान ‘एफ २०’ आहे. बहीण एकतीस वर्षांची, नोकरी करणारी, आतापर्यंत कोणतेही लक्षण नसलेली. वडिलांचे एक चुलतभाऊ ‘भ्रमिष्ट होते’ असे म्हणतात, पण ते पन्नाशीनंतर आणि फार दारू पीत असत. आता बहिणीची जोखीम नऊ टक्के म्हणावी का? नाही. तो आकडा जन्मापासूनच्या सगळ्या आयुष्याचा आहे. हा आजार पुरुषांत बहुधा विशीच्या पहिल्या निम्म्यात आणि स्त्रियांत विशीच्या उत्तरार्धात सुरू होतो. म्हणजे तिने जोखमीच्या वयाचा बराचसा टप्पा ओलांडला आहे, आणि उरलेली शक्यता नऊपेक्षा पुष्कळ कमी आहे. चाळिशीनंतर स्त्रियांत पुन्हा थोडी वाढ दिसते, म्हणून ती शून्य मात्र म्हणता येत नाही. तिच्या होणाऱ्या मुलाला आजारी व्यक्ती मामा लागते, म्हणून त्याची जोखीम तीन-चार टक्के. वडिलांच्या चुलतभावामुळे या हिशेबात काहीही फरक पडत नाही. ज्या कुटुंबात एकाच बाजूला तीन-चार जण तरुणपणी आजारी पडले आहेत, तिथे मात्र हे सरासरीचे आकडे अपुरे पडतात, आणि तक्ता घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांची जोखीम समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाणेच योग्य ठरते.

‘ऐंशी टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ

स्किझोफ्रेनिया ऐंशी टक्के आनुवंशिक आहे, हे विधान वाचून अनेक आईबाप हबकतात. त्याचा अर्थ मुलाला आजार होण्याची शक्यता ऐंशी टक्के, असा नाही. तो गैरसमज असल्याचे वरच्या सात टक्क्यांवरूनच कळते. एखाद्या समाजात काही लोकांचा कल या आजाराकडे जास्त आणि काहींचा कमी का असतो, या फरकाचा सुमारे चार पंचमांश भाग जनुकांतील फरकाशी जोडता येतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. तो समाजाविषयीचा आकडा आहे. तुमच्या धाकट्या मुलाविषयी तो काहीच सांगत नाही.

जनुकांचा वाटा संगोपनापासून वेगळा काढण्यासाठी संशोधकांनी दत्तक मुलांचा अभ्यास केला. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अशा ४७ जणांचा मागोवा प्रसिद्ध केला, ज्यांच्या आईला स्किझोफ्रेनिया होता आणि ज्यांना जन्मानंतर अवघ्या तीन दिवसांच्या आत तिच्यापासून वेगळे करण्यात आले होते. त्यांतील पाच जणांना मोठेपणी हा आजार झाला. तशाच रीतीने वाढलेल्या, परंतु आई निरोगी असलेल्या ५० जणांपैकी एकालाही झाला नाही. आजारी आईच्या सहवासामुळे मूल ‘बिघडते’ ही समजूत त्यामुळे टिकू शकली नाही. पण याच अभ्यासात ४७ पैकी ४२ जण या आजारापासून दूर राहिले, हेही तितकेच खरे आहे.

यामागे एखादे एकटे जनुक नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनात ७६ हजारांहून अधिक रुग्णांची इतरांशी तुलना करून जनुकसंचातील २८७ जागा या आजाराशी निगडित असल्याचे दाखवण्यात आले, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किरकोळ आहे. धरणात शेकडो ओढ्यांचे पाणी येऊन पातळी वाढते आणि एका उंचीनंतर ते सांडव्यावरून वाहू लागते, तसे काहीसे येथे घडते. म्हणूनच पूर्णपणे निरोगी आईवडिलांच्या पोटीही हा आजार असलेले मूल जन्माला येते. किंबहुना बहुसंख्य रुग्णांचे दोन्ही पालक निरोगीच असतात. ‘आमच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हते’ हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही निदान चूक नसते.

यावरून व्यवहारातला एक निष्कर्ष निघतो. लाळेचा नमुना पाठवला की मानसिक आजारांची जोखीम सांगतो, अशी जाहिरात करणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. अनेक जागांचे किरकोळ परिणाम एकत्र करून काढलेल्या अशा गुणांकांवरून एका व्यक्तीचे भविष्य सांगता येत नाही, शिवाय ते प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्यामुळे भारतीयांच्या बाबतीत आणखी अचूकता गमावतात. एका परिस्थितीत मात्र जनुकीय तपासणी खरोखर उपयोगाची असते. आजारी व्यक्तीला जन्मतः हृदयदोष किंवा फाटलेला टाळू असेल, बोलणे नाकातून येत असेल, रक्तातील कॅल्शियम वारंवार उतरत असेल आणि लहानपणापासून शिकण्यात अडचण असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असण्याची शक्यता असते. असा तुकडा गळालेल्या दर चार व्यक्तींपैकी साधारण एकीला मोठेपणी सायकोसिस होतो, आणि आईवडिलांपैकी एकात तो दोष असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ही खूण दिसल्यास डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण हृदयाची शस्त्रक्रिया एका विभागात आणि मनोविकाराचे उपचार दुसऱ्या विभागात झाले की दोन्ही गोष्टी एकत्र कोणी पाहत नाही.

परिस्थितीचा वाटा: गर्भापासून विशीपर्यंत

जनुकांवर आपला इलाज चालत नाही, म्हणून उरलेले बळ परिस्थितीकडे वळवावे. मात्र ‘परिस्थिती’ म्हणताच लोकांच्या डोळ्यांपुढे ताणतणाव येतो, आणि संशोधन तर थेट गर्भावस्थेपासून सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाची नाकेबंदी झाली. उपासमार तीव्र असताना ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या दुष्काळानंतरही तसेच दिसले: आन्ह्वेई प्रांतातील वूहू परिसरात १९५९ मध्ये जन्मलेल्यांत ०.८४ टक्के असलेले प्रमाण १९६० मध्ये जन्मलेल्यांत २.१५ टक्क्यांवर गेले. गरोदरपणातील रक्तदाबाचे विकार, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे आणि कमी वजनाचे बाळ यांमुळेही जोखीम काही प्रमाणात वाढते. म्हणून घरात हा आजार असेल तर गरोदर स्त्रीने पहिल्या तिमाहीतच नाव नोंदवावे, लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, रक्तदाब तपासून घ्यावा आणि बाळंतपण सोयी असलेल्या रुग्णालयातच करावे. आपल्याकडची एक खास सवय येथे सांगितली पाहिजे. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या २००४ च्या अभ्यासात मशेरी किंवा तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. मशेरीमुळे स्किझोफ्रेनिया होतो असे यातून सिद्ध होत नाही. पण कमी वजन ही जोखमीच्या साखळीतली एक कडी आहे, आणि ती तोडायला खर्च येत नाही.

स्वतः आजारी असलेल्या स्त्रीला मूल हवे असेल तर दिवस राहण्यापूर्वीच मनोविकारतज्ज्ञांना सांगावे. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक ठरते, म्हणून ते आधीच बदलावे लागते. पण ‘बाळाला त्रास नको’ म्हणून सगळ्याच गोळ्या मनाने बंद करणे त्याहून महाग पडते, कारण गरोदरपणात आजार उलटला तर आई जेवत नाही, तपासणीला जात नाही, आणि त्याचा फटका बाळालाच बसतो. वडिलांचे वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे असेल तरीही मुलाची जोखीम वाढते असे जेरुसलेममधील नोंदींवरून २००१ मध्ये दाखवले गेले, परंतु मूळ आकडा इतका लहान आहे की केवळ त्यापायी कोणी निर्णय बदलावा असे मला वाटत नाही.

बालपणातील मारहाण, लैंगिक अत्याचार आणि सततची उपेक्षा यांचा सायकोसिसशी संबंध अनेक अभ्यासांतून दिसला आहे. असे अनुभव आलेल्यांत शक्यता सुमारे पावणेतीनपट आढळते. शहरात वाढण्याचा मुद्दा मात्र जपून घ्यावा. डेन्मार्कमध्ये राजधानीत वाढलेल्यांत प्रमाण ग्रामीण भागापेक्षा दुपटीहून अधिक आढळले, पण कमी व मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांतील पाहणीत असा संबंध दिसला नाही. तेव्हा मुलाला मुंबई-पुण्याला शिकायला पाठवू नये, असा सल्ला या संशोधनाच्या आधारे देता येत नाही. परदेशी स्थलांतराचा परिणाम जास्त पक्का आहे: मिनेसोटात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांत तो १९३२ मध्येच नोंदला गेला, आणि पुढे ब्रिटनमधील कॅरिबियन वंशाच्या लोकांत फार मोठ्या प्रमाणावर दिसला. वाट्याला येणारा भेदभाव आणि एकटेपणा हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. भावाला आजार असलेली मुलगी शिकायला परदेशी जात असेल तर तिला अडवू नये. तिथे ओळखीचे चार लोक आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता तिच्याजवळ असेल एवढे पाहावे.

गांजा

बदलता येण्याजोग्या सगळ्या घटकांत मी गांजाला पहिला क्रमांक देईन. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. हा अभ्यास १९८७ चा. युरोपातील शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या २०१९ च्या अभ्यासात तीव्र प्रतीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता जवळपास पाचपट निघाली. वयही महत्त्वाचे आहे: पंधराव्या वर्षापर्यंत सुरुवात करणाऱ्यांची जोखीम अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते. यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो की ज्यांच्यात आजाराची जनुकीय प्रवृत्ती आहे तेच गांजाकडे अधिक वळतात. तो अंशतः खराही आहे, आणि गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही हेही खरे आहे. पण ज्या घरात धाकट्याची जोखीम आधीच आठ-नऊ टक्के आहे, तिथे या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

मुलाशी बोलताना मात्र ‘आमच्या घरात असली थेरं चालणार नाहीत’ येथून सुरुवात केली की संवाद तिथेच संपतो. कुळाचा तक्ता त्याच्यासमोर ठेवावा, दादाचे चिन्ह दाखवावे, आणि मित्रांना चालते ते तुला का चालणार नाही, हे आकड्यांनिशी सांगावे. होस्टेलच्या खोलीत हातात येणाऱ्या पुडीवर तिची तीव्रता लिहिलेली नसते, हेही सांगावे. एकदा ओढल्यावर आवाज ऐकू आले, कोणी पाठलाग करते असे वाटले, तर ‘माल जास्त झाला होता’ म्हणून सोडून देऊ नये. गांजामुळे सायकोसिस होऊन रुग्णालयात गेलेल्यांचा डेन्मार्कमध्ये अनेक वर्षे पाठपुरावा केला असता त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार झाल्याचे आढळले.

आईला दोष देणे थांबवा

१९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना मांडली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे मनोविकारतज्ज्ञांच्या खोलीतून असंख्य आया अपराधी चेहऱ्याने बाहेर पडल्या. दत्तक मुलांच्या अभ्यासांनी ही कल्पना मोडीत काढली असली, तरी आपल्या बैठकीच्या खोल्यांत ती अजून जिवंत आहे. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी केलेल्या दत्तक मुलांच्या अभ्यासातून असे दिसले की जन्मदात्या आईला आजार असलेल्या मुलांत, दत्तक घर विस्कटलेले असेल तर आजाराचे प्रमाण वाढते आणि घर सुदृढ असेल तर ते जवळपास इतरांइतकेच राहते. ज्या मुलांत जनुकीय प्रवृत्ती नव्हती त्यांच्यावर घराच्या वातावरणाचा असा परिणाम झाला नाही. म्हणजे घर आजार निर्माण करत नाही, पण ज्याच्यात प्रवृत्ती आहे त्याला ते सावरू शकते.

आजार सुरू झाल्यावर तर घरातले बोलणे फारच महत्त्वाचे ठरते. सतत टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी असलेल्या घरी परतलेल्या रुग्णांत आजार उलटण्याचे प्रमाण शांत घरांच्या तुलनेत दुपटीच्या आसपास असते. लंडनच्या तुलनेत चंडीगडच्या कुटुंबांत अशी टीका कमी आढळली होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही; पण ‘दिवसभर लोळतोस, तुझ्या वयाचे लोक बघ’ हे वाक्य आपल्याकडेही दुर्मीळ नाही. उत्साह नसणे आणि अंघोळ टाळणे ही या आजाराची लक्षणे आहेत. त्यांना आळशीपणा समजून बोलणी बसू लागली की आजार उलटण्याची वाट मोकळी होते.

लग्न आणि मूल

स्थळ पाहताना दोन्ही बाजूंना या आजाराची भीती असते आणि म्हणूनच लपवालपवी होते. व्यक्ती स्वतः आजारी असेल तर निदान आणि चालू औषधे लग्नापूर्वी सांगावीत, शक्य असल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावे. हिंदू विवाह कायद्यात विवाहास व संततीस अयोग्य ठरेल इतक्या प्रमाणातील मानसिक आजार हे विवाह रद्द करण्याचे कारण आहे, आणि महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली संमतीही तसेच कारण ठरू शकते. घटस्फोटाच्या तरतुदीत तर स्किझोफ्रेनियाचा नावाने उल्लेख आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की नुसते आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते. केवळ भाऊ किंवा मावशी आजारी आहे म्हणून निरोगी मुलीचे स्थळ नाकारणाऱ्यांना वरचा तीन-चार टक्क्यांचा हिशेब दाखवावा. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल आणि आजारी व्यक्ती दोघांच्याही रक्ताच्या नात्यातली असेल, तर मात्र होणाऱ्या मुलाकडे दोन्ही बाजूंनी प्रवृत्ती येऊ शकते, म्हणून अशा लग्नाआधी समुपदेशन घ्यावे. ‘लग्न केले की सुधारेल’ या सल्ल्याला कोणताही आधार नाही.

धाकट्यावर लक्ष कसे ठेवावे

पहारा ठेवू नये, पण बदल टिपावेत. चांगला शिकणारा मुलगा काही महिन्यांत मागे पडणे, मित्र तुटणे, रात्रभर जागून दिवसा झोपणे, लोक आपल्याबद्दलच बोलतात किंवा टीव्हीवरून आपल्यालाच संदेश येतो असे वाटणे, कारण नसताना हसणे, कानात बोळे घालून बसणे, हे बदल एकत्र दिसू लागले आणि काही आठवडे टिकले तर थांबू नये. यांतील एखाददुसरा बदल तर कुठल्याही किशोराच्या घरी सापडतो. उपचाराविना जितका काळ जातो तितके नंतर सावरणे अवघड होते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. देवस्थानाला जायचे असेल तर जावे, परंतु डॉक्टरांची वेळ पुढे ढकलून नव्हे. आणि कोणी साखळीने बांधण्याचा आग्रह धरला तर ठाम नकार द्यावा. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

कुठे जायचे हे सुचत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. पहिल्या भेटीला तक्त्याचा फोटो, आधीच्या सर्व चिठ्ठ्या, बदल कोणत्या महिन्यापासून दिसू लागले याची टिपणे आणि गांजा, दारू किंवा इतर औषधांची खरी माहिती सोबत न्यावी. मुलासमोर सांगणे अवघड असेल तर एका कागदावर लिहून तो आधीच आत पाठवावा, आणि थायरॉइड व बी-१२ च्या तपासण्या झाल्या आहेत का, हे उठण्यापूर्वी विचारून घ्यावे.